दौऱ्याची यादी लागण्याआधी घरातले दाखले तपासा

कृषी खात्याच्या परदेश अभ्यास दौऱ्यांची बातमी आली की गावोगाव एकच चर्चा असते, यंदा नंबर कोणाचा? शेतकरी बंधूंनो, माझ्या मते प्रश्न वेगळा आहे. ज्याचा नंबर लागेल, तो वेळेत विमानात बसू शकेल का?

योजना तशी साधी आहे. युरोप, इस्राएल, जपान, व्हिएतनाम, मलेशिया अशा देशांतली शेती पाहायला शेतकऱ्यांना नेतात. खर्चाच्या ५० टक्के किंवा १ लाख रुपये, यातली कमी असेल ती रक्कम अनुदान मिळते. बाकीचे पैसे पदरचे. अर्जासोबत सातबारा, आठ-अ आणि मुदतीतला पासपोर्ट लागतो. ही शेवटची अट वाचली की धडगाव-अक्कलकुव्याकडचा चांगला शेतकरीसुद्धा अर्ज बाजूला ठेवतो. मग ज्यांची फाईल कायम तयार असते तीच माणसं पुढे जातात. त्यांचा त्यात दोष नाही. पण आमचूर करणाऱ्या किंवा दाबसारख्या गावात स्ट्रॉबेरी लावणाऱ्या शेतकऱ्याने बाहेरची प्रक्रिया आणि प्रतवारी पाहिली, तर तिचा उपयोग जास्त होईल. तो मागे राहतो तो पैशाइतकाच कागदामुळे.

आता गंमत पाहा. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. तरीही एकाच माणसाचं नाव चार कागदांवर चार तऱ्हेचं, ही स्थिती आपल्याकडे आजही आहे. वळवी आडनाव इंग्रजीत कोणी ‘व्ही’ने लिहितो, कोणी ‘डब्ल्यू’ने. सातबाऱ्यावर एक आडनाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरंच, कारण गुरुजींनी पटावर जे लिहिलं ते कायम झालं. जन्मतारखेचं तर विचारूच नका. अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला! ती तारीख सगळीकडे सारखी असेल तर काही बिघडत नाही. पण दाखल्यावर १ जून आणि आधारवर १ जानेवारी असेल तर पासपोर्टचा अर्ज तिथेच अडतो.

म्हणून सुरुवात गावातून करा. शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि पॅन शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, तेव्हा आधी कोणता कागद खरा धरायचा ते ठरवा. शाळा सोडल्यानंतर दाखल्यातली दुरुस्ती मुख्याध्यापकांच्या एकट्याच्या हातात राहत नाही, शिक्षणाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. नाव बदलायचं तर राजपत्रात प्रसिद्ध करावं लागतं. यात महिने जातात. ग्रामसेवक आणि तलाठी मंडळींना, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकारी व ग्राम महसूल अधिकाऱ्यांना, माझी विनंती आहे. परदेशातला अधिकारी जे नाव वाचतो ते मुळात तुमच्या टेबलावर लिहिलेलं असतं. दाखला देताना समोरच्याचं आधार मागून घ्या, पाच मिनिटं जास्त लागतील.

पासपोर्टची साधी फी १,५०० रुपये आहे आणि मोठ्या माणसाला तो १० वर्षांसाठी मिळतो. अर्ज भरताना आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. नुसतं एकच नाव असलेल्या पासपोर्टवर संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून पर्यटन व्हिसा नाकारायला सुरुवात केली. आता दहावी न झालेल्यांविषयी. त्यांच्या पासपोर्टवर सहसा ‘ईसीआर’ची नोंद येते. ती पाहून पुष्कळांना वाटतं की आपल्याला बाहेर जाताच येणार नाही. तसं नाही. ठराविक १८ देशांत नोकरीसाठी जायचं असेल तरच त्या नोंदीमुळे वेगळी परवानगी लागते, अभ्यास दौऱ्याला नाही. मात्र एखादा दलाल ‘फिरायचा व्हिसा काढतो, तिकडे कामाला लावतो’ म्हणाला तर त्याच्या वाटेला जाऊ नका. ती फसवणूक आहे, आणि पकडला जातो तो मजूरच.

खरी अडचण व्हिसाला येते. युरोपातल्या २९ देशांचा जो एकत्र शेंगेन व्हिसा आहे, त्यासाठी बँकेचा उतारा आणि आयकर विवरणपत्रं मागतात. आपल्या शेती उत्पन्नावर कर नाही, म्हणून विवरणपत्रही नाही. गोऱ्या साहेबाला वाटतं, या माणसाला उत्पन्नच नाही, हा तिकडेच राहून जाईल. यावर उपाय आहे. कर शून्य असला तरी विवरणपत्र भरता येतं, ते आतापासून भरत जा. पपई, मिरची, ऊस, काहीही विका, पण पैसे खात्यात घ्या आणि बाजार समितीच्या पट्ट्या, कारखान्याची बिलं जपून ठेवा. अर्जाच्या आठ दिवस आधी सोयऱ्याकडून दोन लाख आणून खात्यात भरणं हा तर उलटा पुरावा होतो. ज्यांच्याकडे सातबारा नसून वनपट्टा आहे, त्यांनी व्हिसासाठी त्या प्रमाणपत्राचं इंग्रजी भाषांतर आणि तहसीलदारांचा उत्पन्न दाखला तयार ठेवावा. शेंगेनसाठी ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो आणि परतल्यानंतर किमान तीन महिने पासपोर्टची मुदत शिल्लक असावी लागते. इतर बरेच देश सहा महिने मागतात.

व्हिसा मिळाला म्हणजे प्रवेश मिळाला, असं समजू नका. तिकडच्या विमानतळावरचा अधिकारी पुन्हा विचारतो, कशासाठी आलात, कुठे उतरणार, परत कधी जाणार, खर्च कोण करतो. उत्तर खरं आणि आखूड द्या. दौऱ्यात सगळ्यांचे कागद एकाच गटप्रमुखाच्या पिशवीत ठेवायची पद्धत मला मुळीच पसंत नाही. तो पुढच्या रांगेत आणि तुम्ही मागच्या, मग दाखवणार काय? परतीचं तिकीट, हॉटेलची नोंद, कृषी खात्याचं पत्र, निमंत्रण आणि विमा, प्रत्येकाने आपला संच हातातल्या पिशवीत ठेवावा. सामानात टाकलेला कागद तिथे उपयोगी पडत नाही.

ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो संगणकात घ्यायला सुरुवात झाली आहे. रेशन दुकानात ज्यांचा अंगठा उमटत नाही, त्यांनी निघण्याआधी काही दिवस हाताला तेल लावावं आणि खत, फवारणीची कामं दुसऱ्यावर सोपवावीत.

पिशवीत काय नेता तेही पाहा. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, म्हणजे घरचं तूप आणि पेढे गेले. चटणी-भाकरीची सोय करा. येताना मात्र शेतकऱ्याचा हात बियाण्याकडे जातोच. एखादं छान वाण दिसतं आणि चार बिया रुमालात बांधल्या जातात. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि तिकडचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र नसेल तर बी किंवा रोप आणता येत नाही, विमानतळावर ते काढून घेतात. वाणाचं नाव आणि कंपनी वहीत लिहून आणा, पुढचं आपण कृषी विज्ञान केंद्रात विचारू.