पुरानंतरचे औदार्य, पुरापूर्वीचे कर्तव्य

मराठवाडा हा दुष्काळाचा प्रदेश, ही समजूत इतकी रूढ झाली आहे की, येथे पुराची चिंता वाहणे म्हणजे भर वैशाखात छत्री दुरुस्त करण्यासारखे वाटावे. वस्तुतः छत्री दुरुस्त करण्याचा काळ तोच होय. हिमप्रदेशांत वसंतात बर्फ वितळून नद्या फुगतात. इकडे वसंतात नद्या कोरड्या पडतात आणि त्यांच्याबरोबर गतवर्षीच्या पुराची आठवणही आटते.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्याने जे भोगले, ते अपूर्व म्हणता येणार नाही. ऑगस्ट २००६ मध्ये जायकवाडीतून सुमारे अडीच लाख क्युसेक पाणी सोडावे लागले, तेव्हा पैठण शहर जलमय झाले होते. २०२५ साली विसर्ग पुन्हा दोन लाखांच्या पलीकडे गेला आणि पैठणच्या सखल वस्त्यांतील लोकांना घरे सोडावी लागली. सुमारे १०२ टीएमसी क्षमतेचे धरणही नाशिक-नगरकडील पावसापुढे एका मर्यादेनंतर दरवाजे उघडण्यावाचून काही करू शकत नाही, हा याचा अर्थ.

तथापि जिल्ह्यातील पूर एकाच जातीचा नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. गोदावरीचा पूर सांगून येतो. वरच्या धरणांचे विसर्ग ठाऊक असतात आणि काही तासांची तरी उसंत मिळते. छत्रपती संभाजीनगर शहरातील खाम आणि सुखना या नद्यांचे तसे नाही. जटवाड्याच्या डोंगरात ढग फुटला की हर्सूलकडून पाणचक्कीपर्यंत पाणी यावयास फारसा वेळ लागत नाही. पहिल्या पुरात प्रश्न असतो तो इशारा शेवटच्या घरापर्यंत पोहोचविण्याचा. दुसऱ्यात इशाऱ्यालाच अवसर नसतो. तेथे पात्र मोकळे असणे, नाले तुंबलेले नसणे आणि वृद्ध, आजारी माणसे कोणत्या घरांत आहेत हे शेजाऱ्यांस आधीच ठाऊक असणे, एवढेच कामी येते.

पूर ओसरल्यावर अन्न-वस्त्रांचे ढीग लागतात. समाजाचे हे औदार्य निर्विवाद आहे. परंतु जीव वाचतात ते पहिल्या काही तासांत, आणि त्या तासांत पुण्याहून निघालेले राष्ट्रीय दल वाटेत असते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘आपदा मित्र’ योजनेमागील विचार हाच आहे : स्थानिक माणूस शिकलेला असावा.

या दृष्टीने शहरात आरंभ झालेला नाही असे नाही. महापालिका, छावणी परिषद, सामाजिक संस्था आणि नागरिक यांच्या सहभागातून खाम नदीच्या पुनरुज्जीवनाचे जे काम झाले, त्याने नदी म्हणजे गटार ही भावना काही अंशी पुसली. आता या श्रमदानाला पूरसज्जतेची जोड हवी. राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास सेवा करावयाची असते. त्यांतील काही तास मार्च ते मे या काळात नदीकाठच्या घरांची यादी करणे, जुन्या पुराच्या खुणा भिंतींवर रंगविणे आणि निवाऱ्याच्या शाळांची पाहणी करणे, यांस देता येतील. शिक्षकांनी हे काम शिकवावे. कचेऱ्यांतील कर्मचाऱ्यांनी त्या याद्या दरवर्षी अद्ययावत ठेवाव्यात. यास मोठा निधी लागत नाही, सातत्य लागते.

मात्र एक इशारा आवश्यक आहे. स्वयंसेवक हा प्रशासनाचा पर्याय नव्हे. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे साधारणतः पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या क्षेत्रात, बांधकामे उभी राहू देणे आणि ती बुडाल्यावर तरुणांच्या सेवाभावाचे गोडवे गाणे, ही सेवाभावाची विटंबना होय. शिवाय नदीपात्राजवळ राहणारा गरीब हौसेने तेथे गेलेला नसतो. त्याला पर्यायी जागा न देता नुसते हुसकावणे हाही उपाय नव्हे. पूररेषा पाळणे आणि पुनर्वसन करणे हे शासनाचे काम आहे. ते करून घेण्यासाठी पाठपुरावा करणे हे नागरिकांचे.

पाण्यासाठी वर्षानुवर्षे नळाकडे डोळे लावून बसलेल्या शहराने त्याच पाण्यापासून जीव वाचविण्याची तयारी करावी, यात विसंगती नाही. टंचाई आणि पूर ही एकाच दुर्लक्षाची दोन फळे आहेत. पावसाळा जून महिन्यात येतो. त्याची तयारी मात्र फाल्गुनातच सुरू व्हावयास हवी.