'नक्की पाहा' म्हणण्यापूर्वी

मराठीचा प्राध्यापक वर्षातून दोन-चार वेळा तरी कामानिमित्त परगावी जातो. कधी उत्तरपत्रिकांचे केंद्रीय मूल्यमापन असते, कधी अभ्यास मंडळाची बैठक, कधी पीएच.डी.ची मौखिकी, कधी उजळणी वर्ग. दिवसाचे काम उरकले, प्रवासभत्त्याचा अर्ज भरून झाला, की अतिथिगृहात चार जिल्ह्यांतली मंडळी एकत्र बसतात. वेतन आयोग आणि रखडलेल्या बढत्या यांवर बोलून झाले, की कुणीतरी विचारतेच : 'सर, अलीकडं पाहण्यासारखं काय आहे?' मग नावे निघतात. 'नक्की पाहा', 'चुकवू नका', 'मस्ट आहे' असे शिक्के भराभर उमटतात आणि विषय संपतो. आमचे म्हणणे असे, की समीक्षा शिकवून पोट भरणाऱ्या माणसांना ही शिफारस शोभत नाही.

गप्पांना इतके गांभीर्य कशाला द्यायचे, असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर चित्रपटाच्या व्यवहारातच आहे. लहान मराठी चित्रपटाकडे जाहिरातीला पैसा नसतो. पहिल्या शुक्रवार-शनिवार-रविवारी माणसे आली नाहीत, तर सोमवारपासून खेळ कमी होतात आणि दुसऱ्या आठवड्यात फलक उतरतो. मराठी चित्रपटांना चित्रगृहांत चांगली वेळ मिळावी म्हणून २०१५ साली शासनाला हस्तक्षेप करावा लागला, आणि त्या 'प्राइम टाइम'ची व्याख्याही अखेर दुपारी १२ ते रात्री ९ इतकी सैल झाली. अशा स्थितीत कर्णोपकर्णी पसरणारा शब्द हाच या चित्रपटांचा खरा आधार. दौऱ्यावर भेटलेला सहकारी दोन दिवसांनी सावंतवाडीला, हिंगोलीला, गडचिरोलीला परततो. तिथे त्याच्यासमोर वर्गभर विद्यार्थी बसलेले असतात. आपण उच्चारलेले नाव त्याच्यामार्फत तिथवर पोहोचते. न उच्चारलेले पोहोचत नाही.

आता आपल्या शिफारशींचे प्रकार पाहू. पहिला प्रकार पाठ्यपुस्तकी. 'अलीकडचे' म्हणून नाव सांगितले जाते ते २००४ च्या 'श्वास'चे, फार तर २०१० च्या 'नटरंग'चे; कारण एक माधवी घारपुरे यांच्या कथेवरून आला आणि दुसरा आनंद यादव यांच्या कादंबरीवरून. दोन्ही चित्रपटांविषयी आम्हांला आदर आहे. पण माध्यमांतराच्या प्रश्नपत्रिकेत बसतो तेवढाच चित्रपट आपल्याला दिसत असेल, तर आपण चित्रपट पाहत नसून मूळ कथेची उजळणी करत आहोत. दुसरा प्रकार पारितोषिकांचा : कुठल्या महोत्सवात काय मिळाले ते सांगायचे आणि थांबायचे. तिसरा आकड्यांचा : 'सैराट'ने २०१६ साली शंभर कोटींच्या गोष्टी सुरू केल्या, तेव्हापासून कोटी हा आपल्याकडे रसग्रहणाचा निकष झाला आहे. चौथा प्रकार सर्वांत लाडका आणि सर्वांत घातक : 'मराठी आहे, म्हणून पाहा.' हा भाषेचा अभिमान नव्हे. ही वर्गणी आहे. मराठी कादंबरीविषयी असे कुणी म्हणाले, तर हेच प्राध्यापक चवताळून उठतील. चित्रपटाला मात्र ते दयेचे पात्र समजतात.

या चारही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. शिफारस करणाऱ्याने चित्रपटाविषयी स्वतःचे असे एकही वाक्य बोललेले नसते. पुरस्कार परीक्षकांचे मत, आकडा गर्दीचे मत, भाषा हा जन्माचा योगायोग. आपले मत कुठे आहे?

उदाहरण घेऊ. जयंत दिगंबर सोमलकर यांचा 'स्थळ' टोरोंटोच्या महोत्सवात २०२३ साली गाजला आणि आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. 'टोरोंटोला गाजलाय' असे सांगितले, की ऐकणारा मान डोलावतो आणि विसरतो. त्याऐवजी असे सांगता येते : विदर्भातल्या कापूस पिकवणाऱ्या घरातली सविता शिकते आहे, तिला नोकरी करायची आहे, आणि पुरुषांच्या रांगेसमोर तिला पुन्हा पुन्हा बसवले जाते. नाव, शिक्षण, उंची. तेच प्रश्न, तीच उत्तरे. चित्रपट सुरू होतो तो मात्र हा सारा पाहण्याचा कार्यक्रम उलटा करून : तिथे मुलगा पाहिला जातो. आशयासाठी पुनरावृत्ती कशी वापरावी आणि विपर्यासातून उपरोध कसा साधावा, हे वर्गात शिकवायला याहून जवळचे उदाहरण कोणते? आपल्या पदव्युत्तर वर्गातल्या कितीतरी मुली सुट्टीत घरी जातात त्या याच रांगेसमोर बसायला. त्यांच्या शिक्षकाला हे नाव ठाऊक असणे ही चैन नव्हे.

दुसरे उदाहरण अधिक अवघड आहे, म्हणून अधिक महत्त्वाचे. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला सनडान्समध्ये २०२५ च्या आरंभी जागतिक कथाचित्र विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. सप्टेंबरात तो येथील चित्रगृहांत आला. पारितोषिकाची बातमी सर्वांनी मोठ्या उत्साहाने सांगितली. 'पण आहे कशावर?' असा प्रश्न आला, की आवाज खाली जातो : 'थोडा वेगळा विषय आहे.' हे 'थोडा वेगळा' म्हणजे शुद्ध पळवाट. विषय साधा सांगता येतो. वडिलांच्या निधनानंतर मुंबईचा आनंद गावी येतो. दहा दिवसांचे सुतक, त्यातले निषेध आणि नातेवाइकांची लग्नाची टुमणी यांच्यामध्ये बालपणीच्या बाळ्याशी त्याची पुन्हा भेट होते, आणि दोन पुरुषांमधले प्रेम अत्यंत शांतपणे उमलते. शोकाचा काळच प्रेमाला आडोसा देतो, ही या रचनेतली असामान्य गोष्ट. हे मोकळेपणी न सांगता आपण कुणाला वाचवतो? ज्याला हा चित्रपट नको आहे, त्याला विषय कळला तर तो आपला निर्णय घेईल. पण मागच्या बाकावर एखादा विद्यार्थी असतो. शिक्षकाच्या तोंडून हे वाक्य न कुजबुजता उच्चारले जाते का, याकडे त्याचे कान लागलेले असतात. त्याच्यासाठी आपली कुजबुज म्हणजे निकाल असतो.

स्पष्टपणा प्रशंसेपुरता नसावा. त्याच सप्टेंबरात आलेल्या 'दशावतार'ला गर्दी झाली, याचा आनंदच आहे. कोकणातली लोकनाट्याची परंपरा आणि तिथल्या भूमीवर येणारे खाणीचे संकट यांना एकत्र आणण्याची कल्पना भक्कम, आणि दिलीप प्रभावळकरांचा बाबुली मेस्त्री वयाला हरवणारा. पण कथा सुडाकडे वळते तेव्हा जमिनीचा प्रश्न सोपा होतो; खलपुरुषांना शासन झाले, की प्रेक्षक हलक्या मनाने घरी जातो. हे म्हणणे आणि 'पाहा' म्हणणे यांत विरोध नाही. उलट, उणीव सांगून केलेल्या शिफारशीवरच माणूस विश्वास ठेवतो.

आमची मागणी मोठी नाही. जो पाहिला, तोच सुचवावा. सुचवताना किमान एक वाक्य स्वतःचे असावे : चित्रपट काय करतो, कसा करतो. समोरच्याच्या गावात तो कुठे पाहता येईल, याचा विचार करावा. जिथे चित्रगृहच उरलेले नाही, तिथल्या माणसाला 'मोठ्या पडद्यावरच पाहा' असे बजावणे ही क्रूर थट्टा आहे. अशा ठिकाणी महाविद्यालयाच्या सभागृहात रीतसर परवानगी घेऊन खेळ लावता येतो का, हे विचारणे अधिक उपयोगाचे. विषयाला त्याच्या नावाने हाक मारावी. आणि उणीव दिसली तर तीही सांगावी.

विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत 'ही कादंबरी अतिशय सुंदर आहे' एवढेच लिहिले, तर आपण लाल शाईने समासात लिहितो : कारणे द्या. तो शेरा आपल्यालाही लागू आहे.