परक्या ताटांतील आपली खपली

शेतकऱ्यानें आपल्या घरचें अन्न पाहुण्यापुढें मांडण्यास लाजावें कीं काय, हा प्रश्न कित्येकांस क्षुल्लक वाटेल. परंतु ज्यास स्वतःच्या अन्नाची लाज वाटूं लागते त्याच्या शेतांतून तें पीकही लवकरच नाहींसें होतें, असें आमचें मत झालें आहे. तें कसें झालें, हें वाचकांपुढें ठेवीत आहों.

सरकारी चाकरींतून निवृत्त झाल्यावर आम्ही सहकुटुंब आमच्या चिरंजीवांकडे इटलींतील मिलान शहरीं गेलों होतों. उन्हाळ्याच्या सुटींत त्यांनीं आम्हांस टस्कनी प्रांतांतील गार्फान्याना नांवाच्या डोंगरी दरींत चार दिवस नेलें. सेर्क्यो नदीचें हें वरचें खोरें. एका अंगास आपुआन पर्वत, दुसऱ्या अंगास अपेनाइन, उतारांवर लहान लहान शेतें आणि त्यांच्या वर चेस्टनटचीं रानें. उतरलों तें हॉटेल नव्हे, एका शेतकऱ्याचें राहतें घर होतें.

पहिल्या रात्रीं घरधनिणीनें घेवड्याचे दाणे घालून शिजविलेलें दाट कढण वाढलें. त्यांत डुकराची चरबी घालण्याची तिकडे चाल आहे, ती आमच्यासाठीं वगळली होती. पहिला घांस घेतांच आमच्या सौभाग्यवती थबकल्या व म्हणाल्या, "अहो, ही तर आपली खपली! माझी आई हिचीच खीर करीत असे." आम्हांस तें खरें वाटेना. सूनबाईंनीं घरमालकास विचारलें. त्यानें आंतून मूठभर दाणे आणून आमच्या हातावर ठेवले. ते टरफलासकट होते, आणि तळव्यावर चोळूनही टरफल सुटेना. मग मात्र संशय उरला नाहीं. तिकडे ज्यास 'फार्रो' म्हणतात तो आणि आपली खपली हे शास्त्रज्ञांच्या मतें एकाच जातीचे गहूं होत.

या फार्रोस तिकडे जो मान आहे तो पाहून आम्ही चकित झालों. १९९६ सालीं युरोपीय संघानें 'गार्फान्यानाचा फार्रो' या नांवास संरक्षण दिलें. ३०० ते १००० मीटर उंचीवरील त्या खोऱ्यांतील हलक्या जमिनींत, रासायनिक खतावांचून घेतलेल्या पिकासच तें नांव लावतां येतें. उतारा थोडा येतो, पण भाव नांवास मिळतो. दुसऱ्या दिवशीं चेस्टनटच्या पिठाचीं धिरडीं झालीं. हीं फळें दगडी खोपटांत मंद विस्तवावर चाळीस दिवसांहून अधिक काळ वाळवितात, मग दळतात. हें पीठ एके काळीं त्या डोंगरांतील गरिबांची भाकरी होतें, आणि तेंही न पुरल्यामुळें त्या भागांतील हजारों माणसें पोटासाठीं अमेरिकेस व स्कॉटलंडास गेलीं. आज त्याच पिठाच्या धिरड्यासाठीं शहरचे लोक पैसे मोजून येतात. टस्कनीचा पाव अळणी असतो. तो आम्हांस रुचला नाहीं, हें प्रांजळपणें सांगतों. परंतु पाहुण्यास रुचत नाहीं म्हणून घरधनिणीनें त्यांत मीठ घातलें नाहीं, ही गोष्ट आमच्या मनांत राहिली.

हें आपोआप झालें असें कोणी समजूं नये. टस्कनींतील पुष्कळ जमीन पूर्वीं अर्धेलीनें कसली जात असे. १९६४ च्या कायद्यानें असे नवे करार बंद झाले. पण आपल्याकडे १९४८ च्या कूळ कायद्यानें जशी पुष्कळ कुळांस जमीन मिळाली तसें तेथें सर्वत्र न होतां, कित्येक कुळें कारखान्यांकडे निघून गेलीं व शेतांवरील घरें ओस पडलीं. तीं पुन्हां नांदतीं करण्याचा एक मार्ग म्हणून १९८५ सालीं शेतावरील पाहुणचाराचा कायदा झाला आणि २००६ सालीं तो सुधारून नव्यानें करण्यांत आला. त्यांतील दोन अटी आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवाव्या. शेती हाच मुख्य धंदा राहिला पाहिजे, पाहुणचार हा जोडधंदा. आणि पाहुण्यास वाढावयाच्या अन्नांत स्वतःच्या शेतांतील व त्या प्रदेशांतील मालाचा ठराविक वांटा असलाच पाहिजे.

आतां आपल्याकडील एक अनुभव सांगतों. परत आल्यावर नातेवाइकांबरोबर आम्ही एका कृषि पर्यटन केंद्रास गेलों. जागा रम्य, मालक सज्जन. जेवणांत बाजारांतून आणलेलें पनीर, मैद्याच्या रोट्या व बाटलींतील सॉस. हात धुण्यास मागल्या दारीं गेलों, तों घरचीं माणसें हुलग्याचें माडगें व बाजरीची भाकरी खात बसलेलीं! आम्ही मागितली तेव्हां मालक ओशाळून म्हणाले, "साहेब, हें आमचें साधें खाणें, पाहुण्यांस कसें वाढावें?" महाराष्ट्र शासनानें २०२० सालीं कृषि पर्यटनाचें धोरण काढलें, तें चांगलेंच झालें, पण धोरणानें ही लाज जाणार नाहीं.

या दोषांतून आम्हीही सुटत नाहीं. कचेरींत आम्हीं वर्षानुवर्षें पीकपाहणीचे तक्ते जुळविले. राळा, सावा, कोद्रा यांस आम्ही 'इतर तृणधान्यें' या एकाच रकान्यांत टाकीत असूं. खपली तर नुसता 'गहूं' होऊन जाई. रकाना आटोपशीर झाला, परंतु पिकांचीं नांवें गेलीं, आणि ज्याचें नांव दप्तरांत नाहीं त्याची आठवण सरकारासही राहत नाहीं व नातवासही नाहीं. अमेरिकेंतील शास्त्रज्ञ शंभर वर्षांपासून तांबेऱ्याच्या परीक्षेसाठीं आपला हा गहूं 'खपली' या नांवानेंच पेरीत आले आहेत. त्यांनीं नांव राखलें, आम्हीं पुसलें.

कोणी म्हणेल, इटली श्रीमंत देश, तेथील गोष्ट येथें कशी चालावी? खपलीचा उतारा कमी, कांडण्याची मेहनत मोठी, आणि पुण्यामुंबईचा पाहुणा पनीरच मागतो. यांत तथ्य आहे. सगळी जमीन खपलीखालीं घाला, असें आम्ही म्हणत नाहीं; कर्ज डोक्यावर असतां तसें करणें वेडेपणाचें होईल. परंतु एखादा वाफा तरी बीं राखण्यासाठीं ठेवण्यास काय हरकत आहे? टरफल काढण्याचें यंत्र एकट्यास झेपत नाहीं. दहा जणांनीं किंवा आपल्या संस्थेनें घेतल्यास झेपेल. नांवाच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडेही १९९९ सालीं झाला असून आजऱ्याचा घनसाळ तांदूळ व मंगळवेढ्याची ज्वारी यांस त्याखालीं मानांकन मिळालें आहे. २०२१ पासून ई-पीक पाहणीनें आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्यास स्वतः करतां येते. कारकुनाची ती लेखणी आतां तुमच्याच हातीं आली आहे. पेरलें असेल तेंच तिनें लिहा.

आणि पाहुणा आला म्हणजे त्यास माडगें वाढा, भाकरी वाढा, सणावारीं खपलीची खीर वाढा, आणि हें कोणत्या शेतांतलें तें सांगा. एखाद्यास नाहीं रुचणार. आम्हांस अळणी पाव रुचला नाहीं. तरी त्या घरीं पुन्हां जावें असें आम्हांस वाटतें. यंदाच्या रब्बींत आमच्या पांच गुंठ्यांत खपली पेरण्याचें आम्हीं ठरविलें आहे. बीं शोधावयास निघालों तेव्हां कळलें कीं, आमच्या गांवांत तें आतां कोणाकडेच उरलेलें नाहीं; शेजारच्या तालुक्यांतून आणावें लागलें.