रोगमुक्तांची उपेक्षा नको

परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, तेव्हा कर्करोग म्हणजे मृत्यूचे बोलावणे, अशीच लोकांची समजूत होती. आज ती स्थिती पालटली आहे. वेळीच निदान झाले तर अनेक रुग्ण शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधोपचार यांतून तरून जातात आणि पुन्हा संसाराला लागतात. ही वैद्यकशास्त्राची थोर कामगिरी होय, याविषयी दुमत नाही. परंतु उपचार संपल्यावर रुग्णाच्या हाती काय पडते? एक जाडजूड फाईल, इंग्रजीतील दुर्बोध संक्षेप आणि ‘तीन महिन्यांनी दाखवा’ एवढा शेरा! कोणा एका रुग्णालयाची ही गोष्ट नव्हे. ती सर्रास रीत होऊन बसली आहे. लातूर वा चंद्रपूरकडील शेतकऱ्याने त्यातून कोणता बोध घ्यावा?

वस्तुतः दक्षतेचा काळ येथूनच सुरू होतो. तंबाखूपायी होणारा तोंडाचा कर्करोग आपल्याकडे फार. तो उलटला तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांतच उलटतो. म्हणून त्या काळात वारंवार तपासणी हवी. मानेवर किरण दिले असल्यास थायरॉइड ग्रंथी मंदावू शकते. तिच्यासाठी सहा ते बारा महिन्यांनी रक्त तपासावे लागते. किरण घेतलेल्या जबड्यातील दात पूर्वचौकशीवाचून उपटला, तर जखम न भरता हाड निकामी होण्याचा धोका असतो. स्तनाच्या कर्करोगात काही स्त्रियांना टॅमॉक्सिफेनची गोळी पाच ते दहा वर्षे घ्यावी लागते. बरे वाटते म्हणून ती मध्येच सोडणे घातक. डॉक्सोरुबिसिनचा हृदयावरील परिणाम तर कित्येक वर्षांनीही प्रकट होऊ शकतो. हे रुग्णाला कोणी सांगितलेच नाही, तर दोष त्याच्या अज्ञानाला द्यावयाचा काय?

डॉक्टरांना क्षणाची उसंत नाही, हा आक्षेप आम्ही जाणतो. पण तोच आमच्या म्हणण्याला बळकटी आणतो. यांतील बऱ्याचशा तपासण्या जिल्हा रुग्णालयात होऊ शकतात. त्यासाठी प्रत्येक वेळी मुंबई गाठण्याचे कारण नाही. शिवाय काय करू नये, हेही योजनेने ठरते. स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या, कोणतीही तक्रार नसलेल्या स्त्रीला वरचेवर सर्वांगाचे स्कॅन नकोत. नियमित तपासणी व वार्षिक मॅमोग्राफी सामान्यतः पुरते. गरिबाचा पैसा वाचतो तो असा.

अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने २००५ सालच्या अहवालात प्रत्येक रुग्णास अशी लेखी योजना देण्याची शिफारस केली होती. आमची मागणी साधी आहे. कोणता रोग, कोणती शस्त्रक्रिया, किरण कोठे दिले, औषधे कोणती, पुढील तपासणी केव्हा, कोणते लक्षण दिसताच धाव घ्यावी आणि जिल्ह्यात कोणाला भेटावे, एवढे सुबोध मराठीत एका कागदावर लिहून द्यावे. त्याची प्रत जिल्हा रुग्णालयास जावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून पैसा घेणाऱ्या प्रत्येक रुग्णालयावर शासनाने हे बंधन घालावे.

उपचारांवर लाखो रुपये खर्च करावयाचे आणि एका कागदासाठी हात आखडावयाचा, हा कोणता व्यवहार? मृत्यूच्या दारातून माणसाला परत आणले, तर त्याला घरापर्यंत सुखरूप पोहोचविण्याची जबाबदारीही आपलीच आहे.