नेतृत्वाच्या शाळा बंद कुणी केल्या?

देवळाली कॅम्पच्या स्कूल ऑफ आर्टिलरीत नुकतेच कमिशन मिळालेले तरुण अधिकारी तोफखान्याचे शिक्षण घेतात. त्यातला एक भाग मारा दुरुस्त करण्याचा असतो. तोफा कित्येक किलोमीटर मागे असतात आणि अधिकारी पुढच्या निरीक्षण चौकीतून लक्ष्य पाहतो. पहिला गोळा कुठे पडला ते बघून किती मागे, किती पुढे, किती डावीकडे हे त्याने तातडीने सांगायचे असते. अंदाज चुकला तर पुढचा गोळाही चुकतो आणि ती चूक सगळ्यांना दिसते. तोफखान्याच्या बाहेर मात्र आपण वेगळ्याच समजुतीवर जगतो. घरात, कचेरीत, पक्षाच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येते : नेता जन्मावा लागतो, घडवता येत नाही. हे खरे असते तर कॅम्पातल्या त्या संस्थेची गरजच उरली नसती. माझे म्हणणे असे की नेतृत्वात जन्मजात भाग थोडा असतो, शिकण्याचा मोठा असतो. आणि ‘जन्मजात’ हा शब्द इतिहासात बहुतेक वेळा कुणाला तरी दाराबाहेर ठेवण्यासाठीच वापरला गेला आहे.

याचा पुरावा खुद्द लष्कराच्या इतिहासात आहे. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी तोफा भारतीयांच्या हाती राहू दिल्या नाहीत. डोंगरी तोफखान्याच्या मोजक्या तुकड्या काय त्या उरल्या. पुढे ‘लढाऊ जाती’चा सिद्धान्त रुजला. त्याचे मोठे पुरस्कर्ते लॉर्ड रॉबर्ट्स हे मूळचे तोफखान्याचे अधिकारी आणि १८८५ ते १८९३ या काळातले भारताचे सरसेनापती. काही जाती उपजत शूर, बाकीच्या उपजत नालायक आणि हुकूम द्यायला गोरा अधिकारीच हवा, अशी ही मांडणी होती. तिचा फटका महाराष्ट्राला थेट बसला. कंपनीच्या काळापासून फौजेत असलेल्या महारांची भरती १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाली. त्याआधी याच समाजातून सुभेदार झाले होते, डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ त्यांपैकीच एक. दुसऱ्या महायुद्धात माणसांची निकड भासली तेव्हा १ ऑक्टोबर १९४१ रोजी महार रेजिमेंट उभी राहिली. म्हणजे माणसे तीच, गावे तीच, रक्त तेच. आदल्या पिढीत असलेली पात्रता मधल्या पन्नास वर्षांत नाहीशी झाली आणि एका आदेशाने परत आली, असे कुणी म्हणेल काय? मधल्या काळात बदलला होता तो भरतीचा नियम. तोफखान्याचेही तेच. भारतीय फील्ड तोफखान्याची पहिली ब्रिगेड १९३५ साली बंगळूरला उभी राहिली आणि स्वातंत्र्यानंतर देशाचा तोफखाना भारतीय अधिकाऱ्यांच्या हाती आला. एप्रिल २०२३ मध्ये पाच महिला अधिकारी या शाखेत दाखल झाल्या, तेव्हाही उघडले ते दारच.

विज्ञान काय सांगते? जुळ्यांवरचा अभ्यास या वादात नेहमी पुढे केला जातो. रिचर्ड आर्वी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील मिनेसोटातल्या जुळ्या पुरुषांची माहिती तपासून २००६ मध्ये दाखवले की कोण नेतृत्वाच्या पदांवर पोहोचतो, यातल्या फरकांपैकी सुमारे ३० टक्के फरकांचे मूळ आनुवंशिकतेत सापडते. उरलेले सुमारे ७० टक्के परिस्थितीचे आणि अनुभवाचे. हा आकडा लोकसमूहातल्या फरकांबद्दल आहे. एखाद्या माणसाचे तीस टक्के नेतृत्व पोटातून आले असा त्याचा अर्थ लावणे चूक ठरेल. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष याच गटातल्या संशोधकांनी २००९ मध्ये मांडला. सुस्थितीतल्या, आईवडिलांचे पाठबळ मिळालेल्या घरांत जनुकांचा प्रभाव कमी दिसला आणि प्रतिकूल घरांत जास्त. याचा अर्थ असा लावता येतो की परिस्थिती हात देते तेव्हा बऱ्याच जणांचे पाऊल पुढे पडते. ती हात आखडते तेव्हा उपजत धडाडीचा एखादाच वर येतो. मग त्या एकाकडे बोट दाखवून आपण म्हणतो, बघा, नेता जन्मावाच लागतो!

दुसरा अभ्यास थेट लष्करातला. डोव्ह इडन आणि अब्राहम शानी या संशोधकांनी इस्रायली सैन्याच्या एका प्रशिक्षण वर्गावर केलेला प्रयोग १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. काही प्रशिक्षणार्थींमध्ये नेतृत्वाची क्षमता मोठी आहे, असे प्रशिक्षकांना सांगण्यात आले. प्रत्यक्षात ती नावे कोणत्याही कसोटीविना निवडलेली होती. वर्ग संपला तेव्हा त्याच मुलांची कामगिरी इतरांपेक्षा स्पष्टपणे सरस ठरली. वरिष्ठाने कुणावर भरवसा टाकला याने एवढा फरक पडत असेल, तर ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या कुणी भरवसाच टाकला नाही त्यांचे काय झाले असेल, हे सांगायला वेगळा प्रयोग नको.

यावर पहिला आक्षेप लष्कराच्याच दाखल्याने घेतला जातो. सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड, म्हणजे एसएसबी, पाच दिवस उमेदवारांना तावूनसुलाखून घेते आणि बहुतेकांना परत पाठवते. मग लष्करही उपजत गुणच शोधते ना? एसएसबी गुण शोधते यात शंका नाही. पण विशीच्या उमेदवारात दिसणारे गुण म्हणजे वीस वर्षांचे घर, शाळा, मैदान आणि मित्र यांची जमा असते. नापास झालेल्याला पुन्हा येता येते आणि कितीतरी जण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला निवडले जातात. नाशिक रोडला सैनिक कल्याण विभागाचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे याच मुलाखतीची तयारी करून घेतली जाते. आणि निवड झाल्यावरही कुणाच्या हाती लगेच तुकडी देत नाहीत. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत तीन वर्षे, डेहराडूनच्या लष्करी अकादमीत एक वर्ष, मग आपापल्या शाखेचे शिक्षण. रामा राघोबा राणे यांचे उदाहरण तर बोलके आहे. कारवारजवळच्या चेंडियाचा हा तरुण १९४० मध्ये बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधा जवान म्हणून भरती झाला, बढत्या घेत डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाला आणि एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी मार्गावरचे सुरुंग व अडथळे हटवून त्याने रणगाड्यांना वाट करून दिली. परमवीरचक्र मिळवणाऱ्या या अधिकाऱ्यामागे शिपाईगिरीची सात वर्षे होती.

दुसरा आक्षेप अलौकिक व्यक्तींचा. चौंडीसारख्या खेड्यातून आलेल्या अहिल्याबाईंना राज्यकारभार कोणत्या शाळेने शिकवला? शाळा नव्हती, सासरे मल्हारराव होळकर होते. १७५४ मध्ये कुंभेरीला पती खंडेराव पडल्यानंतर मल्हाररावांनी सुनेला कारभारात घेतले. १७६५ च्या एका पत्रात ते तिला मोठा तोफखाना सोबत ठेवण्याच्या आणि दारूगोळ्याची तजवीज करण्याच्या सूचना देतात. १७६७ मध्ये राज्य हाती आले, तेव्हा बाईंच्या गाठीला दहा-बारा वर्षांची उमेदवारी होती. बुद्धी त्यांची स्वतःची, यात वाद नाही. पण तशीच बुद्धी असलेल्या त्या काळच्या किती सुनांना तोफखान्याची जबाबदारी सांगणारा सासरा मिळाला? आजच्या घराणेशाहीचेही मर्म इथेच आहे. आमदाराच्या मुलाला वारसाहक्काने गुण मिळत नाहीत. सभा, फोन, रुसवेफुगवे, अर्ज, अधिकारी हे सगळे तो लहानपणापासून पाहतो आणि विसाव्या वर्षी त्याच्या हाती एखादी संस्था येते. शिकाऊ उमेदवारीची मक्तेदारी असते ती, आणि लोक तिला रक्ताचा गुण समजतात.

तिसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. नेतृत्व शिकता येते असे म्हणून चारशे रुपयांपासून चार लाखांपर्यंतची शिबिरे विकली जातात आणि त्यातून टाळ्या घेणारे वक्ते तेवढे निघतात. हे खरेच आहे. व्याख्यानाने नेतृत्व येत नाही. देवळालीच्या रेंजवर जे घडते त्यात तीन गोष्टी असतात : खरी जबाबदारी, चूक लगेच दिसण्याची सोय आणि ती दुरुस्त करून घेणारा जाणता माणूस. या तिन्ही जिथे एकत्र येतात तिथेच शिक्षण होते. नागरी जीवनात अशी जागा म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्था. नळाला पाणी आले नाही तर वॉर्डातली बाई दुसऱ्या दिवशी दारात उभी राहते; पाच वर्षांनी मतपेटी हिशेब करते. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा सुरू झाल्यावर महाराष्ट्राने याच वाटेने माणसे घडवली. आर. आर. पाटील सांगली जिल्हा परिषदेत एक तपाच्या आसपास काम करून १९९० मध्ये विधानसभेत गेले आणि पुढे उपमुख्यमंत्री झाले. विलासराव देशमुखांची सुरुवात बाभळगावच्या सरपंचपदापासून झाली.

आणि नेमक्या याच शाळांना आपण टाळे लावले. देवळाली कॅन्टोन्मेंट बोर्डावरच्या लोकनियुक्त सदस्यांची मुदत फेब्रुवारी २०२१ मध्ये संपली. देशभरातल्या कॅन्टोन्मेंटची निवडणूक एप्रिल २०२३ साठी जाहीर झाली आणि मार्चमध्येच रद्द झाली. शेजारच्या नाशिक महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर जवळपास चार वर्षे तिथे नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका नव्वदच्या दशकात थांबल्या त्या थांबल्याच. हिंसाचार आणि पैसा ही त्यामागची कारणे खोटी नव्हती. पण अपघात होतात म्हणून कुणी तोफांचा सराव बंद करत नाही; सुरक्षेचे नियम कडक करतात. प्रशासक कार्यक्षम असतो असेही सांगितले जाते. असेलही. पण त्याच्या काळात तिशीचा एकही कार्यकर्ता अर्थसंकल्प वाचायला, विरोधकाशी तडजोड करायला किंवा हरल्यावर पुन्हा उभे राहायला शिकत नाही, आणि हा तोटा कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

एक लेफ्टनंट घडवायला देश वर्षे खर्च करतो, कारण लेफ्टनंटच्या चुकीने माणसे मरतात हे देशाला कळते. नगरसेवकाच्या, सरपंचाच्या, मंत्र्याच्या चुकीनेही मरतात. फक्त हळूहळू, दूषित पाण्याने आणि खड्ड्यांनी. म्हणून स्थानिक निवडणुका मुदतीत घेण्याचे बंधन पळवाट न ठेवता पाळले जावे. महाविद्यालयांत निवडणुका खर्चाच्या मर्यादेसह पुन्हा सुरू व्हाव्यात. नव्या सदस्यांना पहिल्या वर्षी अर्थसंकल्प आणि कायदा शिकवण्याची खरीखुरी व्यवस्था असावी. एवढे केल्यावरही नेते निपजले नाहीत, तर खुशाल जन्माला दोष द्यावा.