तीनशे दिवसांचं चिलखत

मागच्या पावसाळ्यात आमच्या शनिवारच्या खेळातून एक मित्र उठून गेला तो परत आला नाही. भांडण वगैरे काही झालं नव्हतं. त्याचं पात्र होतं एक ड्वॉर्फ, पेशानं चिलखतं घडवणारा लोहार. आणि नियम सांगत होता की एक चिलखत घडवायला त्याला तीनशे दिवस लागतील. नियम वाचून दाखवणारा डंजन मास्टर मीच. त्यामुळे हा लेख थोडा प्रायश्चित्त म्हणून आणि बराचसा भांडण म्हणून वाचावा.

ज्यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळलेलं नाही त्यांच्यासाठी: टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात, एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे आपापलं पात्र वठवतात, आणि अडलं की फासे टाकतात. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत वस्तू बनवायचा नियम अगदी आटोपशीर आहे. निम्म्या किमतीचा कच्चा माल आणा आणि रोज ५ गोल्ड किमतीचं काम करा. प्लेट, म्हणजे अंगभर पोलादी पत्र्याचं चिलखत, १५०० गोल्डला मिळतं. पंधराशे भागिले पाच. संपलं.

सगळी गोची या भागाकारात आहे. वेळ कामावरून काढलेला नाही, किमतीवरून काढला आहे. त्यामुळे १००० गोल्डची साधी दुर्बीण करायला दोनशे दिवस लागतात, आणि ७५ गोल्डचं कड्यांचं चिलखत पंधरा दिवसांत तयार! कड्यांचं चिलखत म्हणजे काय, याचा जरा विचार करा. तार ओढायची, वळवायची, कापायची, प्रत्येक कडीची टोकं चपटी करून भोक पाडायचं, शेजारच्या चार कड्यांत ओवायची आणि मग रिव्हेट ठोकून बंद करायची. असं हजारो वेळा. पंधराव्या शतकात मिलानच्या कारखान्यांमध्ये पत्र्याची चिलखतं निघत होती ती पाण्यावर चालणारे घण, पॉलिशची चाकं आणि कामाची वाटणी यांच्या जोरावर. १४२७च्या माक्लोदिओच्या लढाईनंतर तिथल्या कारागिरांनी काही दिवसांत चार हजार घोडेस्वारांची आणि दोन हजार पायदळाची चिलखतं पुरवली, असं सांगतात. आकडा फुगवलेला असेल, बराचसा माल आधीच तयार असेल. तरी तीनशे दिवसांना एक, हा हिशेब त्या गावात कुणाला पटला नसता.

नियम आणखी एक सवलत देतो. अवजारं येणारे अनेक जण एकत्र बसले तर प्रत्येकाचे ५ गोल्ड मिळवायचे. म्हणजे तीनशे लोहार एका ऐरणीभोवती गोळा करा, संध्याकाळी चिलखत तयार. हे गणित मी ऑफिसात रोज बघतो, तिथे त्याला मॅन-डेज म्हणतात. फ्रेड ब्रुक्सनं १९७५ साली या हिशेबाची एका पुस्तकात साग्रसंगीत वाट लावली होती. एक्सेलला ते अजून कळलेलं नाही, खेळ लिहिणाऱ्यांनाही नाही.

आणि कसब? कसबाचा इथे संबंधच नाही. अवजारं येतात की नाही, एवढंच विचारतात. पहिल्या लेव्हलचा पोरगा आणि विसाव्या लेव्हलचा उस्ताद, दोघांचे रोजचे पाचच गोल्ड. मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये एमएसची पट्टी काटकोनात आणण्यासाठी अख्खी प्रॅक्टिकलं कानस मारण्यात घालवली, तरी ट्राय-स्क्वेअर लावला की फटीतून उजेड दिसायचाच. इन्स्ट्रक्टर सर यायचे, चार हात मारायचे, उजेड बंद. तो फरक मोजायला या नियमात जागा नाही. जुन्या साडेतीन आवृत्तीत निदान कौशल्याचा फासा तरी टाकावा लागे.

आता खरी चीड आणणारी गोष्ट. याच पुस्तकात फॅब्रिकेट नावाचा मंत्र आहे. सातव्या लेव्हलच्या जादूगाराला तो मिळतो. लोहारकामाची अवजारं येत असतील तर समोरच्या पोलादाचं चिलखत तो दहा मिनिटांत करतो. दहा मिनिटं!

‘अरे, खेळ आहे, बॅलन्स नको का? निम्म्या किमतीत चिलखतं करून विकत बसतील.’ हा युक्तिवाद मी स्वतः केलेला आहे. पण बॅलन्सची एवढी काळजी आहे तर ती लोहारापाशीच का सुरू होते? मालाची टंचाई आणा, गिऱ्हाईक दुर्मिळ करा, गिल्डची परवानगी लावा. त्यातून गोष्टी तरी निघतील. २०१७च्या पुरवणीनं आणि २०२४च्या नव्या पुस्तकानं वेग दुप्पट केला, तीनशेचे दीडशे झाले. भागाकार तोच. २०१९च्या पाथफाइंडरनं उलट टोक गाठलं: काहीही बनवा, चार दिवस, मग उरलेले पैसे भरून मोकळे व्हा. भट्टी दोघांनीही पाहिलेली नाही.

पोथीवाल्याला दहा मिनिटं आणि घणवाल्याला तीनशे दिवस, हा हिशेब आपल्याकडे इतका मुरलेला आहे की टेबलावरच्या सहा जणांपैकी पाच जणांना तो खटकलाही नाही. सहाव्याच्या वडिलांचं भोसरीत ग्रिल आणि गेटचं फॅब्रिकेशन आहे. तो एवढंच म्हणाला, “तीनशे दिवस एका जॉबवर बसला तर माझा बाप खाणार काय?” आम्ही हसलो. त्याच संध्याकाळी आमचा जादूगार नवा मंत्र वहीत उतरवून घेत होता. पुस्तकाप्रमाणे मंत्राच्या दर लेव्हलला दोन तास.

गेल्या महिन्यात मी नवा नियम लिहिला. वेळ किमतीवरून नाही, तुकड्यांवरून: शिरस्त्राण, छाती, पाठ, हात, पाय. जो तुकडा झाला तो लगेच घालता येतो. कसब वाढलं की दिवस कमी. मदतनीस तीनच, चौथा आला तर अडचण. फॅब्रिकेटनं मिळेल तो फक्त ओबडधोबड आकार, अंगावर बसवायला लोहार लागणारच. मित्राला व्हॉट्सॅपवर पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं: “फिटिंगला माणूस समोर उभा लागतो. तुमचा सरदार कुठंय?”

आमचा सरदार तेव्हा दोन राज्यं पलीकडे ड्रॅगनच्या मागावर होता. त्याला परत बोलावलंय.