अलर्ट आला, पण उचलणार कोण?

तर झालं असं, की दोन वर्षांपूर्वी एका वीकांताला साताऱ्याला घरी गेलो, पाणी प्यायला फ्रीज उघडला, तर आत दुधाच्या अकरा पिशव्या. आईला विचारलं, तर म्हणाली, "अरे, तो दूधवाला हल्ली विसरतो. मग मीच खालून आणते." दूधवाला एकही दिवस विसरला नव्हता.

आई एकटी राहते. बाबा जाऊन पाच वर्षं झाली, ताई कॅनडात, मी पुण्यात. तीस वर्षं तिनं शाळेत गणित शिकवलं. तपासण्या सुरू झाल्या. बी-१२ आणि थायरॉइडमुळेही विसरायला होतं, म्हणून आधी ते बघितलं. कानही तपासले. मग डॉक्टरांनी तिला कागदावर घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगितली. गणिताच्या बाईंनी बाराही आकडे एकाच बाजूला दाटीवाटीनं लिहिले, आणि आपलं काहीतरी चुकलंय हे कळून पेन खाली ठेवलं. निदान झालं: डिमेन्शिया, सुरुवातीची पायरी.

मी इंजिनियर माणूस. प्रॉब्लेम दिसला की आधी ऑनलाइन खरेदी. हॉलमध्ये वायफाय कॅमेरा, दाराला सेन्सर, आईच्या मनगटावर लोकेशन दाखवणारं घड्याळ. वर फोनवर अ‍ॅप. एकदम भारी वाटलं. घड्याळ तिनं दोन दिवसांत काढून ड्रॉवरमध्ये टाकलं. कॅमेरा राहिला.

एका मंगळवारी मीटिंगमध्ये असताना दाराचा अलर्ट आला. कॅमेरा उघडला. आई इस्त्रीची साडी नेसून, पर्स घेऊन, उघड्या दारात उभी. शाळेत जायच्या रिक्षाची वाट बघत. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. फोन केला, तिनं उचलला नाही. चाळीस मिनिटं मी ते बघत होतो. सिस्टिम उत्तम चालत होती! फक्त माझ्याकडे शेजारच्या काकूंचा नंबर नव्हता. बावीस वर्षं ज्यांच्याकडून विरजण आणलं, त्या काकूंचा.

ऑफिसात प्रॉडक्शनचा अलर्ट कोणाला जाणार, त्यानं दहा मिनिटांत उचलला नाही तर पुढे कोणाला, हे सगळं आम्ही लिहून ठेवतो. अलर्ट आहे पण ऑन-कॉलवर कोणी नाही, असं कोणी केलं तर आपण हसू. आईच्या बाबतीत मी नेमकं तेच केलं होतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. एकट्या राहणाऱ्या आई-वडिलांसाठीचा प्लॅन गॅजेटपासून नाही, माणसांपासून सुरू होतो. आणि तो त्यांच्याबद्दल नाही, त्यांच्याबरोबर करायचा असतो, त्या अजून बोलू शकतात तेव्हाच.

त्या शनिवारी आई आणि मी कॉफी घेऊन बसलो आणि यादी केली. शेजारच्या काकू, कोपऱ्यावरचे वाणीकाका, औषधाच्या दुकानातले दादा, राजवाड्याच्या स्टँडवरचे रिक्षावाले मामा, कामाच्या मावशी. कोणाला सांगायचं आणि कोणाला नाही, हे आईनं ठरवलं. दोन नावं तिनं खोडली. कारण विचारलं नाही. तिचा आजार, तिची गल्ली. मग घरोघरी जाऊन आम्ही दोघांनीच सांगितलं. लोक बिचकतील असं वाटलं होतं. रिक्षावाले मामा म्हणाले, "बाई एकट्या दिसल्या तर सोडतो की घरी. त्यात काय."

मग घर. दाराची आतली कडी काढली, लॅच ठेवलं, एक किल्ली काकूंकडे. बाथरूममध्ये धरायला दांडा, बेडरूमपासून तिथपर्यंत रात्रीचा मंद दिवा, गिझरचं तापमान कमी. गॅसचा रेग्युलेटर मावशी जाताना बंद करतात, आईच्या चहासाठी टायमरवाली इंडक्शन शेगडी. ही शेगडी लवकर आणली हे बरं झालं, कारण या आजारात नवीन गोष्ट शिकणं फार लवकर अवघड होतं. औषधं आठवड्याच्या डबीत, डबी मावशींच्या समोर उघडायची. पर्समध्ये नाव आणि आमचे नंबर. बँकेत एटीएम आणि यूपीआयची मर्यादा खाली आणली, कारण पोलीस असल्याचं सांगून घाबरवणारे फोन अशाच घरी येतात. यादीच्या खाली ११२, आणि १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन.

कागदपत्रांचं मात्र मला काहीच माहीत नव्हतं. मला वाटायचं, मुखत्यारपत्र करून ठेवलं की झालं. तसं नाहीये, मंडळी. आपल्याकडच्या १८७२ च्या करार कायद्यानुसार, देणाऱ्या व्यक्तीची मानसिक क्षमता गेली की साधं मुखत्यारपत्र संपतं. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच ते निकामी! मग पालक म्हणून नेमून घ्यायला कोर्टाच्या पायऱ्या. म्हणून मृत्युपत्र, बँकेतलं संयुक्त खातं, नॉमिनी, हे सगळं ती स्वतः समजून सही करू शकते तेव्हाच करायचं. मृत्युपत्राच्या वेळी डॉक्टरांचा दाखला जोडलेला बरा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचारांबद्दल आगाऊ निर्देश लिहून ठेवायची आणि आपला प्रतिनिधी नेमायची सोय आहे, तीही बघा.

आणि सगळ्यात अवघड प्रश्न. एकटं राहणं थांबवायचं कधी? हा प्रश्न आपण टाळतो, आणि मग एखादी रात्र हॉस्पिटलात काढल्यावर घाईत निर्णय घेतो. मी घाबरत घाबरत आईला विचारलं. तिनं जुनी शंभर पानी वही काढली आणि क्रमांक घालून लिहायला बसली. एक, गॅस किंवा नळ महिन्यात दोनदा चालू राहिला तर. दोन, रात्री घराबाहेर सापडले तर. तीन, मावशींना ओळखलं नाही तर. यातलं एक झालं तर रात्री सोबतीला बाई ठेवायची, दोन झाली तर पुण्याला. खाली सही, तारीख. आणि सहीनंतर आणखी एक ओळ: "त्या वेळी मी नाही म्हणेन. तरी ऐकू नकोस."

काही जण म्हणतील, एवढं सगळं करण्यापेक्षा आईला सरळ पुण्यालाच का नाही आणलं? विचार केला होता. पण माझ्या टू बीएचकेत ती दिवसभर एकटीच असणार, तीही अनोळखी जागी. इथे निदान पाय आपोआप राजवाड्याकडे वळतात आणि वाटेत चार जण "बाई" म्हणून हाक मारतात. सगळ्यांचं असंच असेल असं नाही. प्रत्येकाचं गणित वेगळं, फक्त ते त्यांना विचारून मांडा. धोका शून्य होत नाही. कुठला धोका चालेल हे तिनं सांगितलंय, एवढंच.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्याकडे साठीपुढच्या दर शंभरात सुमारे सात जणांना डिमेन्शिया आहे, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोक. तेव्हा हे आपल्या घरी होणार नाही असं धरून चालू नका.

गेल्या महिन्यात दुसरं कलम घडलं. रात्री साडेअकराला रिक्षावाल्या मामांचा फोन आला, बाई स्टँडवर आहेत, मी घरी सोडतोय. काकूंनी दार उघडलं, आईला झोपवलं आणि मी पोचेपर्यंत तिथेच बसून राहिल्या. सकाळी रात्रीच्या बाईंचा विषय काढला तर आई भडकली. "मी काय लहान आहे का? कोणी सांगितलं तुला हे?"

मी वही दाखवली. तिनं अक्षर ओळखलं, बराच वेळ वाचत बसली. पटलं असं काही म्हणाली नाही. वही मिटून म्हणाली, "त्यांना चहा लागत असेल ना रात्री? साखर आण."

असो. पुढच्या वीकांताला घरी जाल तेव्हा फ्रीज उघडून बघा. आणि शेजारच्या काकूंचा नंबर घेऊन या.